मानेखाली किंवा कमरेखाली लुळे पडलेल्या माणसाची घरी काळजी कशी घ्यावी आणि खर्चाचा मेळ कसा घालावा

मणक्याला मार लागून मानेखालचे किंवा छातीखालचे शरीर लुळे पडलेल्या माणसाला रुग्णालयातून घरी सोडताना जो कागद हाती दिला जातो, त्यावर औषधांची नावे आणि पुढच्या तपासणीची तारीख असते. दिवसातून किती वेळा कुशीवर वळवायचे, लघवीची नळी कोणी आणि कशी घालायची, रात्री कोण उठणार आणि या सगळ्याला दरमहा किती पैसे लागणार, हे बहुतेक वेळा त्यावर नसते. द्राक्षबागेत मंडप उभारताना किंवा विहिरीवर काम करताना पडलेला शेतकरी, मुंबई-आग्रा महामार्गावरच्या अपघातातून वाचलेला तरुण, नाशिकच्या अंबड किंवा सातपूर औद्योगिक भागातल्या कारखान्यात उंचावरून कोसळलेला कामगार, अशा माणसांच्या घरच्यांना हे सगळे पहिल्यापासून स्वतःच शिकावे लागते. हा लेख त्यांच्यासाठी आहे. अर्धांगवायूच्या झटक्याने अंथरुणाला खिळलेल्या रुग्णांनाही त्वचा, घर आणि खर्च यांविषयीचा भाग लागू पडेल, मात्र त्यांच्या गिळण्याच्या आणि बोलण्याच्या अडचणी वेगळ्या असल्यामुळे त्यांचा येथे विचार केलेला नाही.

माझे ठाम मत असे आहे की, पैसा मर्यादित असेल तर तो सर्वांत आधी त्वचा आणि मूत्राशय यांच्यावर खर्च करावा, त्यानंतर मदतनिसावर आणि मग बाकीच्या साधनांवर. अनेक घरांत नेमके उलटे होते. महागडी तेले, मालिशवाले, विजेची यंत्रे आणि ‘पेशी टाकून पाय चालू करून देतो’ असे सांगणारी केंद्रे यांच्यावर पहिल्या वर्षी घरातली पुंजी संपते, आणि पाठीला जखम झाल्यावर चांगल्या गादीसाठीही पैसे उरत नाहीत. मणक्याच्या इजेवर स्टेम सेल, म्हणजे अशा मूळ पेशी टाकणे, हा भारतात मान्यताप्राप्त उपचार नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार तो केवळ मंजूर वैद्यकीय चाचणीतच देता येतो. अशा चाचणीत भाग घेणाऱ्या रुग्णाकडून उपचाराचे पैसे घेतले जात नाहीत, त्यामुळे कोणी लाखो रुपये मागत असेल तर तेथूनच परत फिरावे.

त्वचा

ज्या भागाला संवेदना नाही, तेथे दुखत नाही, आणि दुखत नसल्यामुळे माणूस आपोआप कूस बदलत नाही. हाड आणि गादी यांच्यामध्ये त्वचा दाबली जाते, तेथील रक्तपुरवठा थांबतो आणि काही तासांत आतले मांस मरायला लागते. माकडहाड, बसण्याची हाडे, मांडीच्या बाहेरचे हाड, टाचा आणि घोटे या जागा सर्वांत धोक्याच्या आहेत. म्हणून अंथरुणावर असताना दर दोन तासांनी कूस बदलणे आणि खुर्चीत असताना दर पंधरा ते तीस मिनिटांनी एक-दोन मिनिटे वजन हलके करणे हा नियम पहिल्या दिवसापासून पाळावा. हातांत ताकद असलेल्या व्यक्तीने पुढे किंवा बाजूला झुकून स्वतः हे करावे. ताकद नसेल तर मदतनिसाने खुर्ची मागे कलती करून धरावी. कुशीवर वळवताना पूर्ण आडवे न करता पाठीमागे उशी लावून तीस अंशांपर्यंत कलते ठेवावे, म्हणजे मांडीच्या हाडावर सगळा भार येत नाही. पोटऱ्यांखाली उशी ठेवून टाचा अधांतरी राहतील असे पाहावे. रुग्णाला वर सरकवताना काखेत धरून ओढू नये. खाली आडवी घातलेली चादर दोघांनी दोन बाजूंनी उचलून सरकवावे, कारण घासल्यामुळे होणारी इजा दाबामुळे होणाऱ्या इजेइतकीच वाईट असते. डोक्याकडची बाजू बराच वेळ उंच ठेवल्यावरही शरीर हळूहळू खाली घसरते आणि माकडहाडावरची त्वचा ताणली जाते, याकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही.

सकाळी आणि रात्री अंगावरचे कपडे काढून सगळ्या हाडांच्या जागा उजेडात पाहाव्यात. स्वतः पाहू शकणाऱ्याने लांब दांड्याचा आरसा वापरावा. लाल डाग दिसला तर त्यावर बोट दाबून पाहावे. दाबल्यावरही तो फिका होत नसेल, तर त्वचा पूर्ववत होईपर्यंत त्या जागेवर अजिबात भार देऊ नये, मग त्यासाठी दोन दिवस खुर्चीत बसणे बंद ठेवावे लागले तरी चालेल. सावळ्या वर्णावर लाली नीट दिसत नाही, म्हणून तेथे काळपटपणा, कोमटपणा किंवा घट्टपणा जाणवतो का, हे हाताच्या पाठीने तपासावे. लाल झालेल्या जागेला चोळू नये, कारण आतल्या नाजूक झालेल्या रक्तवाहिन्या त्यामुळे आणखी फुटतात. मध्ये भोक असलेली गोल रबरी गादीही वापरू नये. भोकाच्या कडेने रक्तपुरवठा तुटतो आणि फायद्याऐवजी नुकसान होते.

आलटूनपालटून फुगणारी हवेची गादी घ्यावी, पण ती आहे म्हणून कूस बदलणे सोडू नये. गादीत हवा पुरेशी आहे का हे पाहण्यासाठी माकडहाडाच्या बरोबर खाली, गादीच्या खालून तळहात सरकवावा. हाताला शरीर टेकलेले जाणवले तर हवा कमी आहे. या गादीचा पंप फार थोडी वीज खातो आणि घरच्या साध्या इन्व्हर्टरवर कित्येक तास चालतो, तेव्हा देखभालीसाठी वीज बंद असण्याच्या दिवशीही तो चालू राहील अशी जोडणी करून घ्यावी. खुर्चीतल्या गादीवर मात्र हात आखडता घेऊ नये. दिवसाचे सात-आठ तास ज्यावर बसायचे, ती गादी खुर्चीइतकीच महत्त्वाची असते, आणि खुर्ची विकणारा जो पातळ फोम सोबत देतो तो या कामाचा नसतो. जखम भरून येण्यासाठी लागणारी प्रथिने डाळ, अंडी, दूध, मटकी, शेंगदाणे यांतून मिळतात. पथ्याच्या नावाखाली ती बंद करू नयेत.

लघवी

मज्जारज्जूला इजा झाल्यावर मूत्राशय भरल्याचे कळत नाही आणि ते नीट रिकामेही होत नाही. साचलेली लघवी उलटी मूत्रपिंडाकडे जाऊ लागली तर मूत्रपिंडे निकामी होतात, म्हणून हा विषय लाजेने मागे ठेवण्याचा नाही. शक्य असेल तेथे ठरावीक वेळाने स्वच्छ नळी घालून लघवी काढणे आणि नळी लगेच बाहेर काढणे ही पद्धत कायम बसवलेल्या नळीपेक्षा चांगली मानली जाते. दर चार ते सहा तासांनी, मूत्राशयात साधारण पाचशे मिलिलीटरच्या वर लघवी साठणार नाही अशा बेताने ती काढावी. आधी हात साबणाने धुवावेत, मूत्रद्वार स्वच्छ करावे, नळीला जेली लावावी, अलगद आत सरकवावी आणि लघवी पूर्ण थांबल्यावरच हळू बाहेर काढावी. किती वाजता किती लघवी निघाली याची पहिले काही आठवडे वहीत नोंद ठेवली, तर मूत्ररोगतज्ज्ञाला वेळा बसवून देणे सोपे जाते. हातांत ताकद असलेल्या, फक्त कमरेखाली लुळे पडलेल्या रुग्णाने हे स्वतः शिकावे. एकदा ते हाताशी आले की तो कामावर जाऊ शकतो, लग्नकार्याला जाऊ शकतो आणि घरच्यांची रात्रही मोकळी होते. नळी एकदाच वापरायची असते. पैशांअभावी ती धुऊन पुन्हा वापरण्याची वेळ येत असेल, तर धुण्याची आणि कोरडी ठेवण्याची पद्धत डॉक्टरांकडून समजून घ्यावी, मनाने ठरवू नये.

हातांत ताकद नसलेल्या आणि दिवसा मदतीला कोणी नसलेल्या व्यक्तीला कायमची नळी ठेवावी लागते. साधी लेटेक्सची नळी दोन ते चार आठवड्यांनी आणि सिलिकॉनची नळी डॉक्टर सांगतील त्याप्रमाणे, जास्तीत जास्त बारा आठवड्यांपर्यंत बदलावी. सिलिकॉनची नळी महाग असली तरी बदलण्याच्या खेपा कमी होतात, तेव्हा नुसत्या किमतीची तुलना न करता नर्सच्या घरभेटीचा खर्चही मोजावा. पिशवी नेहमी मूत्राशयाच्या खाली लटकलेली असावी. रुग्णाला पलंगावरून खुर्चीत हलवताना ती पोटावर ठेवण्याची सवय बहुतेक घरांत दिसते, आणि तेवढ्यानेही पिशवीतली लघवी मागे वाहून संसर्ग होऊ शकतो. पिशवी दोन-तृतीयांश भरली की रिकामी करावी. ताप, थंडी वाजणे, अंगातला ताठरपणा अचानक वाढणे ही संसर्गाची लक्षणे आहेत. नळी असलेल्या माणसाच्या लघवीत जंतू जवळजवळ नेहमीच सापडतात, त्यामुळे केवळ तपासणीच्या कागदावर जंतू दिसले म्हणून प्रतिजैविके सुरू करण्याचा आग्रह धरू नये. वर्षातून एकदा मूत्रपिंडांची सोनोग्राफी आणि क्रिएटिनिनची (मूत्रपिंडांचे काम कसे चालले आहे हे दाखवणारी रक्ताची) तपासणी करून घ्यावी.

शौच

रोज किंवा दिवसाआड, पण ठरलेल्या वेळीच शौचाला बसवावे. जेवणानंतर किंवा चहा-नाश्त्यानंतर वीस-तीस मिनिटांनी आतड्यांची हालचाल वाढते, त्या वेळेचा फायदा घ्यावा. गरजेप्रमाणे गुदद्वारात सपोझिटरी (आत विरघळणारी औषधाची कांडी) ठेवावी, हातमोजा घालून जेली लावलेल्या बोटाने हळुवार उत्तेजन द्यावे, आणि शक्य असेल तर आडवे ठेवून बेडपॅन देण्याऐवजी गादी असलेल्या कमोड-खुर्चीवर बसवावे. वेळ पक्की झाली की डायपरचा खर्च बराच कमी होऊ शकतो. त्याहून मोठी गोष्ट ही की, माणूस चारचौघांत बसायला तयार होतो.

ताबडतोब ओळखावा असा धोका

इजा छातीच्या सहाव्या मणक्याच्या पातळीला किंवा त्याच्या वर असेल, तर एक विशिष्ट आणीबाणी उद्भवू शकते. नळीला पीळ पडणे, शौच अडकणे, अंगठ्याचे नख रुतणे अशा साध्या कारणानेही रक्तदाब झपाट्याने वाढतो, डोके फुटेल असे दुखू लागते, चेहरा आणि मान लाल होऊन घाम सुटतो, अंगावर काटा येतो आणि नाडी मंद होते. अशा वेळी रुग्णाला आडवे न करता ताबडतोब ताठ बसवून पाय खाली सोडावेत, पट्टा आणि घट्ट कपडे सैल करावेत, नळी व पिशवी तपासावी, मग शौच अडकले आहे का ते पाहावे. काही मिनिटांत उतार पडला नाही तर १०८ वर फोन करावा. या रुग्णांचा नेहमीचा वरचा रक्तदाब नव्वद ते एकशे दहाच असतो, त्यामुळे एकशे चाळीस हा आकडा पाहून डॉक्टरांना तो साधा वाटण्याची शक्यता असते. म्हणून रुग्णाचा नेहमीचा रक्तदाब आणि इजेची पातळी लिहिलेले कार्ड खुर्चीच्या खिशात कायम ठेवावे.

आणखी दोन गोष्टी थोडक्यात सांगतो. एका पायाची पोटरी अचानक सुजली तर तो रक्ताची गुठळी झाल्याचा इशारा असू शकतो, तेथे मालिश करू नये आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. ताठरपणासाठी दिले जाणारे बॅक्लोफेन हे औषध एकदम बंद करणे धोक्याचे असते, त्यामुळे गोळ्या संपण्याच्या आठवडाभर आधीच नवी पाकिटे आणून ठेवावीत.

नाशिकचे ऊन आणि थंडी

इजेच्या खालच्या भागाला नीट घाम येत नाही आणि थंडीत हुडहुडीही भरत नाही, त्यामुळे शरीराचे तापमान भोवतालच्या हवेप्रमाणे चढते-उतरते. एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळीसच्या आसपास गेला की पत्र्याच्या छपराखाली अशा माणसाला ताप आल्यासारखे होते. पंख्यासमोर मान आणि हात ओल्या फडक्याने पुसत राहावे आणि दुपारी बाहेर नेऊ नये. निफाड आणि आसपासच्या भागात हिवाळ्यात पारा पाच अंशांच्या खाली उतरतो, तेव्हा मोजे, टोपी आणि कपड्यांचे अनेक थर घालावेत, पण गरम पाण्याची पिशवी, शेगडी किंवा विजेचा हिटर लुळ्या पायांजवळ कधीही ठेवू नये. मांडीवर ठेवलेल्या गरम ताटानेही खोल भाजते आणि ते तासाभराने, कपडा बदलताना लक्षात येते.

घर

जुन्या नाशकातल्या वाड्यांचे उंच उंबरठे आणि सिडकोतल्या घरांचे अरुंद दरवाजे या दोन्ही अडचणी मोठ्या बांधकामाशिवाय बऱ्याच कमी करता येतात. उताराचे प्रमाण एकास बारा धरावे, म्हणजे सहा इंचांच्या पायरीला सहा फूट लांबीचा उतार लागतो. यापेक्षा उभा उतार केला तर खुर्ची ढकलणाऱ्याच्या कमरेवर ताण येतो आणि खुर्ची मागे कलंडते. दरवाजाची मोकळी रुंदी निदान बत्तीस इंच असावी. न्हाणीघराचा दरवाजा बाहेर उघडणारा करावा, आतली फरशी खरबरीत असावी आणि पाण्याचा हातात धरायचा फवारा बसवावा. पलंगाची उंची खुर्चीच्या बैठकीइतकी ठेवली की उचलण्याचे श्रम बरेच कमी होतात. गोदाकाठच्या सखल भागात राहणाऱ्यांनी पावसाळ्यात पाणी सोडण्याच्या सूचना येताच या माणसाला सर्वांत आधी वरच्या ठिकाणी हलवावे, कारण पाणी दारात आल्यावर चौघे जण लागतात.

मदतनीस

घरातील एकाच बाईच्या अंगावर हे सगळे टाकणे हा आपल्याकडचा अलिखित नियम आहे आणि तो मोडायला हवा. आई किंवा बायको वर्षानुवर्षे दर दोन तासांनी उठत असेल, तर तिची पाठ, झोप आणि मन तिन्ही ढासळतात, आणि तिचे श्रम पैशांत मोजले जात नाहीत म्हणून कुटुंबाला आपला खर्च कमी वाटतो. पूर्ण वेळ माणूस परवडत नसेल तर निदान सकाळचे तीन तास, म्हणजे शौच, अंघोळ आणि खुर्चीत बसवणे, यांसाठी मावशी किंवा वॉर्डबॉय लावावा. मदतनीस पुरवणाऱ्या ब्युरोकडून माणूस घेताना आधार कार्डाची प्रत, सुट्टीच्या दिवशी बदली कोण येणार आणि आगाऊ रक्कम किती, हे लिहून घ्यावे. पहिले चार दिवस घरच्याने सोबत राहून शिकवावे. शिकवताना सूचना रुग्णाने स्वतः द्याव्यात. ज्याचे शरीर आहे त्यानेच ‘आता डावीकडे वळवा’, ‘नळी पाहा’ असे सांगायला शिकले, तर नवा माणूस आला तरी घडी विस्कटत नाही, आणि बोलण्याचा अधिकार त्याच्याकडेच राहतो. खचलेपणा वाटत असेल तर रुग्ण आणि सेवा करणारी व्यक्ती या दोघांनीही टेलि-मानसच्या १४४१६ या शासकीय क्रमांकावर बोलावे. तेथे मराठीतून बोलता येते.

महिन्याचा हिशेब

रुपयांऐवजी आधी नगांत मोजावे. दिवसातून पाच वेळा नळी म्हणजे महिन्याला दीडशे नळ्या, आणि एका नळीला २० रुपये धरले तरी ३,००० रुपये. दिवसाला तीन डायपर ३५ रुपये दराने महिन्याला ३,१५० रुपये. दिवसपाळीच्या माणसाला ५०० रुपये रोज धरले तर १५,००० रुपये. हे दर उदाहरणादाखल घेतले आहेत. आपल्या दुकानातले आणि आपल्या भागातले दर टाकून पाहावेत. त्यात हातमोजे, जेली, पिशव्या, औषधे, फिजिओथेरपिस्टच्या भेटी, डॉक्टरांकडे नेण्यासाठी गाडी आणि वाढलेले वीजबिल मिळवावे. गादीचा पंप आणि खुर्चीतली गादी दोन-तीन वर्षांनी बदलावी लागते, तेव्हा त्यांच्या किमतीचा चोविसावा ते छत्तिसावा भाग दरमहा बाजूला ठेवावा. दरमहा लागणाऱ्या वस्तू सुट्या घेण्याऐवजी गोळे कॉलनीतल्या घाऊक दुकानांत शंभराच्या पेटीचा दर विचारावा, आणि दोन-तीन कुटुंबांनी मिळून खरेदी केली तर आणखी बरे.

महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण आहे, पण ते रुग्णालयात दाखल होऊन घेतलेल्या ठरावीक उपचारांपुरते आहे. घरी लागणाऱ्या नळ्या, डायपर आणि मदतनीस त्यात येत नाहीत, आणि खरा खर्च तेथेच आहे.

कागदपत्रे आणि हक्काचे पैसे

सर्वांत आधी स्वावलंबन पोर्टलवर अर्ज करून जिल्हा रुग्णालयातून दिव्यांग प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचे ओळखपत्र) काढावे, कारण पुढचे जवळजवळ प्रत्येक दार त्यावर उघडते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ४० टक्के ही लाभांची किमान मर्यादा आहे, तर आयकरात ८० टक्के किंवा त्याहून अधिक अपंगत्व ‘तीव्र’ मानले जाते. जुन्या करप्रणालीत १९६१ च्या आयकर कायद्यातल्या कलम ८०यू खाली स्वतःला, किंवा ८०डीडी खाली अवलंबून असलेल्या नातेवाइकासाठी, तीव्र अपंगत्वाला १,२५,००० रुपयांची वजावट मिळते. संजय गांधी निराधार अनुदान योजनेचा अर्ज तहसील कार्यालयात करावा. ऑक्टोबर २०२५ पासून दिव्यांग लाभार्थ्यांचे अनुदान दरमहा २,५०० रुपये झाले आहे. महापालिका आणि ग्रामपंचायत यांनी आपल्या निधीतील ५ टक्के रक्कम दिव्यांगांसाठी खर्च करायची असते, तेव्हा त्यातून काय मिळू शकेल याची लेखी विचारणा करावी. एसटीच्या प्रवासात आणि रेल्वेच्या तिकिटात रुग्णाबरोबर सोबत्यालाही सवलत आहे. मुंबईला हाजी अलीच्या अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्थेत दाखवायला जाताना ती उपयोगी पडते. बँकेत उचलून नेण्याचीही गरज नसावी, कारण दिव्यांग ग्राहकांना घरपोच सेवा द्यावी, असे रिझर्व्ह बँकेने २०१७ मध्ये बँकांना सांगितलेले आहे.

अपघात शेतात झाला असेल तर गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत दोन अवयव कायमचे निकामी झाल्यास २ लाख रुपये मिळतात. त्यासाठी तालुका कृषी अधिकारी कार्यालयात तीस दिवसांच्या आत अर्ज करावा. कारखान्यातल्या अपघातात राज्य कामगार विम्याचे कायम अपंगत्वाचे लाभ, आणि तो विमा नसल्यास २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेखाली (नोव्हेंबर २०२५ पर्यंत १९२३ च्या कायद्याखाली) मालकाकडून भरपाई मागता येते. रस्त्यावरच्या अपघातात मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे सहा महिन्यांच्या आत अर्ज दाखल करावा. या दाव्यात मदतनिसाचा पुढील आयुष्यभराचा खर्चही मागता येतो. सर्वोच्च न्यायालयाने २०२० च्या एका निकालात तो एकरकमी अंदाजाने न ठरवता वयानुसार गुणक लावून, म्हणजे वर्षाच्या खर्चाला वयाप्रमाणे ठरलेल्या आकड्याने गुणून, मोजला होता. त्यामुळे नळीच्या पेटीपासून मावशीच्या पगाराच्या सहीपर्यंत प्रत्येक पावती पहिल्या दिवसापासून एका फाइलमध्ये तारखेप्रमाणे लावावी, आणि ती फाइल मूळ स्वरूपात घरीच ठेवून वकिलाला फक्त प्रती द्याव्यात.